रस्ता कोणता धरता, त्यावर फी ठरते

सर, नमस्कार.
आम्ही ऐरोलीला राहतो. मिस्टर रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, मी घरी ब्लाउज-ड्रेस शिवते. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीला तिला ९३.४ पर्सेंटाइल आहेत, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच करायचं म्हणते. धाकटा नववीत आहे. सध्या घरात हाच एक विषय, आणि रोज कोणीतरी येऊन नवीन काहीतरी सांगून जातं. शेजारच्या वहिनी म्हणतात, मुंबईत कॉम्प्युटर डोनेशनशिवाय मिळतच नाही, त्यांच्या भाच्याचं तीन लाखांत काम झालं. ठाण्याला स्टेशनजवळ एक काउन्सेलर आहेत, ते ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीची यादी) भरून द्यायचे १५,००० मागतात. म्हणतात, मोठी कॉलेजं वर टाकलीत तर खालचीही हातची जातील. पुण्याकडच्या एका खासगी विद्यापीठातून मुलीला सारखे फोन येतात, ‘२५ टक्के स्कॉलरशिप मंजूर झाली आहे, परवापर्यंत २५,००० भरून सीट बुक करा.’ आम्ही ओपनमधले, म्हणजे सरकारकडून आपल्याला काही नाही, हे धरूनच चाललोय. मिस्टर कर्जाचं विचारायला गेले तर बँकेतल्या ओळखीच्या माणसानं सांगितलं, घराचे कागद ठेवावे लागतील. सासूबाई त्यांची एफडी मोडा म्हणतात. आमचं गाव साताऱ्याकडचं. पुणे विभागातून प्रयत्न केला तर सोपं जाईल का? सुरुवात कुठून करू?
– एक आई, ऐरोली

ताई,

परवाचे २५,००० भरू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

तुम्हाला सांगणारे सगळे खोटारडे आहेत असं मी म्हणणार नाही. प्रत्येकाला आपापल्या भाच्याचं किंवा जावेच्या मुलाचं जे झालं तेवढंच ठाऊक असतं. पण यातल्या कोणीच तुम्हाला मुख्य गोष्ट सांगितलेली दिसत नाही. महाराष्ट्रात इंजिनीअरिंगची फी कॉलेजच्या नावावर जितकी ठरते, त्याहून जास्त ती मूल कोणत्या रस्त्यानं आत शिरलं यावर ठरते. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलींपैकी एकीच्या घरून वर्षाला २०,००० जातात आणि दुसरीच्या घरून दीड लाख, असं सर्रास असतं. आपण मात्र आधी कॉलेज पक्कं करतो आणि मग ‘पैशाचं बघू’ म्हणतो. बघायला जातो तोवर रस्ता ठरून गेलेला असतो.

आता ‘आम्ही ओपनमधले, आम्हाला काही नाही’ या वाक्याचा हिशेब करू, कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग पडणारं वाक्य तेच आहे.

राज्य सरकारची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. लोक तिला अजून ईबीसी म्हणतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गातल्या मुलांनाही शिक्षण शुल्कात ५० टक्के सवलत तिच्यातून मिळते. आणि मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, २०२४-२५ पासून, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची सवलत १०० टक्के केली. हो, शंभर. अट दोनच ठिकाणी अडते: उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. संस्था स्तरावरून, म्हणजे आपण ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतो तिथून घेतलेल्या प्रवेशाला ही सवलत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांनाही नाही. वहिनींचं डोनेशन आणि पुण्याकडचे फोन, दोन्ही रस्ते इथेच बाद होतात. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, तुमच्या मुलीचा हक्क त्या रस्त्यांवर चालत नाही म्हणून.

तुमचं उत्पन्न तुम्ही लिहिलेलं नाही. समजा मिस्टरांच्या फॉर्म १६ वर ७,१०,००० आहेत आणि तुमच्या शिवणाचे महिन्याला ४,००० येतात, म्हणजे वर्षाचे ४८,०००. झाले ७,५८,०००. तुम्ही आत आहात. शिवणाचे पैसे लपवायची गरज नाही, आणि लपवूही नका. खोट्या दाखल्यावर घेतलेली सवलत तिसऱ्या वर्षी उघडी पडली तर मुलीच्या मानेवर येते. हातात पडणारा पगार धरू नका, पीएफ कापून राहिलेला आकडा म्हणजे उत्पन्न नव्हे. तहसील कार्यालय फॉर्म १६ आणि आयटी रिटर्न बघतं. ओव्हरटाइम आणि बोनस धरून आकडा ८ लाखांच्या वर जात असेल तर मात्र हे पुढचं सगळं गणित बदलेल, म्हणून पहिलं काम फॉर्म १६ हातात घेणं.

समजा एखाद्या कॉलेजची वर्षाची फी दीड लाख आहे. त्यात १,३०,००० शिक्षण शुल्क, १३,००० विकास शुल्क आणि ७,००० लायब्ररी, जिमखाना वगैरे किरकोळ. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत. प्रत्येक कॉलेजची खरी मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं आणि आपल्या संकेतस्थळावर लावतं, तिथं ती बघा. कॅपमधून गेलेल्या तुमच्या मुलीचं शिक्षण शुल्क माफ, म्हणजे उरले वर्षाला २०,०००, चार वर्षांचे ८०,०००. संस्था स्तरावरून त्याच कॉलेजात, त्याच शाखेला गेली तर धरलेल्या आकड्यानंच ६,००,०००, आणि वर ‘वरचे’ काय मागतील ते. ‘मुलींना शिक्षण मोफत’ अशी बातमी वाचून गेलेल्या पालकांना कॉलेजच्या काउंटरवर २०,००० ची पावती दिसली की फसवल्यासारखं वाटतं. फसवलेलं नसतं. माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काला आहे, विकास शुल्काला नाही. तेवढे पैसे आणि लॅपटॉप तुम्हालाच काढायचे आहेत.

सासूबाईंची एफडी या हिशेबात कुठेच बसत नाही. ती त्यांच्या औषधपाण्याला राहू द्या.

डोनेशनबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात १९८७ पासून कॅपिटेशन फीविरोधी कायदा आहे. मंजूर फीच्या वर पैसे मागणंच बेकायदा आहे. खासगी कॉलेजात २० टक्क्यांपर्यंत जागा संस्था स्तरावर असतात हे खरं, पण त्याही अर्ज मागवून, गुणवत्ता यादी लावून भरायच्या असतात. त्यामुळे कोणी तीन लाखांचं बोललं तर एकच विचारा, पावती देणार का, आणि पावतीवर काय लिहिणार? मी प्रवेशाच्या कामात इतकी वर्षं काढली. हा प्रश्न विचारल्यावर समोरच्यानं चहा मागवून विषय बदलल्याचं पाहिलंय, पावती निघाल्याचं पाहिलेलं नाही. वहिनींच्या भाच्याला ज्या जागेसाठी तीन लाख दिले ती त्याला कॅपच्या शेवटच्या फेरीत मिळाली असती का, हे आता कोणी तपासणार नाही. अशा कथा त्यावरच टिकतात.

आता ९३.४. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे मुलीला माहीत असेल. तिच्या काकांना, मामांना आणि सोसायटीतल्या लोकांना नसतं, आणि ताण त्यांच्यामुळेच येतो. ‘९३ मिळूनही कॉम्प्युटर नाही?’ याला उत्तर असं: ९३.४ म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर शंभरातले ९३ तिच्या मागे किंवा बरोबर आहेत. चार लाख मुलं बसली असं धरलं तर तिच्या पुढे साधारण २६,४०० जण असतात. आकडा घाबरवतो, पण हे २६,४०० पुणे, नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर असे सगळीकडे पसरतात, त्यातले बरेच जेईईतून किंवा इतर विद्यापीठांत निघून जातात. दुसरीकडे, माटुंग्याच्या व्हीजेटीआयला किंवा अंधेरीच्या सरदार पटेलला कॉम्प्युटरसाठी ९९ च्याही वर लागतं. तेव्हा स्वप्न आणि यादी वेगवेगळी ठेवा. बारावीच्या टक्क्यांचं ओझंही उतरवा. खुल्या गटाला भौतिक-रसायन-गणितात मिळून ४५ टक्के लागतात ते पात्रतेपुरते. यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर.

कटऑफची, म्हणजे कुठल्या जागेवर शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला त्याची, पीडीएफ उघडलीत का? नसेल तर आज रात्री मुलीसोबत बसून उघडा, मोबाइलवर नको, कोणाच्या तरी कॉम्प्युटरवर. एका कॉलेजची एक शाखा घ्या. वर इंग्रजी अक्षरांत कोड असतात: जीओपीईएनएच, जीओपीईएनओ, एलओपीईएनएच असे. लोक पहिला आकडा बघतात आणि ‘आपलं होत नाही’ म्हणून पान उलटतात. शेवटचं अक्षर एच असेल तर ती ‘होम युनिव्हर्सिटी’ची जागा, ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठ-क्षेत्रातल्यांची, एस असेल तर राज्यभरातून भरायची. सुरुवातीचं एल म्हणजे मुलींसाठी राखीव, आणि अशा ३० टक्के जागा असतात. तुमच्या मुलीनं बघायचा रकाना एलओपीईएनएचचा. त्यातला आकडा जीओपीईएनएचपेक्षा बऱ्याचदा थोडा खाली असतो, कधीकधी सारखाच असतो. शेजारी ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि टीएफडब्ल्यूएस असे आणखी रकाने दिसतील, त्यांच्याकडे मी येतोच. आणि आकडा पहिल्या फेरीचा नको, शेवटच्या फेऱ्यांचाही बघा. पहिल्या फेरीचं कटऑफ बघून रडलेली मुलं मी तिसऱ्या फेरीत पेढे वाटताना पाहिलीत.

साताऱ्याचं उत्तरही याच एचमध्ये आहे. होम युनिव्हर्सिटी गावावरून ठरत नाही, आडनावावरूनही नाही. मुलीनं बारावी कुठल्या कॉलेजातून केली त्यावरून ठरते. नवी मुंबईत केली असेल तर तिचं क्षेत्र मुंबई विद्यापीठाचं: मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पुण्याच्या कॉलेजांसाठी ती बाहेरची. म्हणजे ‘पुण्यातून सोपं जाईल’ हे तुमच्यासाठी उलटं आहे, तिथं तिला कमी जागांवर झगडावं लागेल आणि वर हॉस्टेल-मेसचा खर्च. शिवाय तुम्ही ऐरोलीत आहात! घराजवळ दत्ता मेघे, कोपरखैरणेला लोकमान्य टिळक, वाशीला फादर आग्नेल, नेरूळला तेरणा आणि एसआयईएस, ठाण्यात कोपरीला के. सी. आणि घोडबंदर रोडला ए. पी. शहा. ट्रान्स हार्बरच्या पासावर यातली बहुतेक होतात. यातलं कोणतं चांगलं हे मी सदरात सांगणार नाही, कारण शाखेगणिक उत्तर बदलतं. कॉलेजात एक दिवस जा, फाटकापाशी तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, प्रॅक्टिकलला कॉम्प्युटर मिळतो का आणि शिकवायला कायमचे शिक्षक आहेत का. माहितीपत्रकात हे नसतं.

आणि कॉम्प्युटरच हवं हा हट्ट थोडा सैल करा. आयटी, डेटा सायन्स, एआय अशा शाखांमध्ये पहिल्या दोन वर्षांचे बरेच विषय सारखे असतात, कितीतरी ठिकाणी शिक्षकही तेच. नावावरून दोन-तीन पर्सेंटाइल जास्त मोजायचे की नाही, ते तुम्ही ठरवा.

आता काउन्सेलरांचं ‘मोठी कॉलेजं वर टाकलीत तर खालचीही जातील’. हे साफ चूक आहे, आणि इतकी वर्षं कानावर पडतंय की मला त्याचा राग येतो. वाटप असं होतं: गुणवत्ता यादीत तुमच्या मुलीचा नंबर आला की संगणक तिची यादी वरून वाचायला लागतो. पहिल्या पसंतीत जागा नाही, दुसरी बघ. तिथंही नाही, तिसरी बघ. जिथं जागा सापडेल तिथं थांबतो. वर व्हीजेटीआय लिहिलं म्हणून तिचा नंबर मागे जात नाही, आणि आठव्या क्रमांकावर लिहिलेल्या कॉलेजातली जागा तिच्या मागच्या मुलाला तिच्याआधी दिली जात नाही. मिळण्याच्या शक्यतेप्रमाणे यादी लावायची नसते, आवडीप्रमाणे लावायची असते.

एक गोष्ट मात्र जपायची. २०२५-२६ च्या प्रवेशांत चार फेऱ्या झाल्या आणि नियम असा होता की पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली तर ती जागा आपोआप पक्की, पुढच्या फेऱ्यांत बदल नाही. दुसऱ्या फेरीत हेच पहिल्या तीन पसंतींना, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. यंदाच्या माहितीपुस्तिकेत तो नियम तसाच आहे का ते वाचून घ्या. अर्थ एवढाच की ‘मिळालं तर बघू’ म्हणून एखादं नको असलेलं कॉलेज वरच्या जागांवर टाकायचं नाही. मिळेल, आणि मग तिथंच जावं लागेल. काउन्सेलरांच्या सल्ल्याप्रमाणे ‘हमखास’ कॉलेज वर टाकलंत तर पहिल्याच फेरीत ते मिळून मुलगी तिथं अडकते आणि काउन्सेलर म्हणतात, बघा, पहिल्या फेरीत काम करून दिलं.

१५,००० देऊन फॉर्म भरून घेण्यातला खरा धोका पैशांचा नाहीच. मी सुविधा केंद्रावर कागद तपासायला बसायचो तेव्हाची गोष्ट. बाप-मुलगा आले होते, मुलाला पसंतीक्रम बदलायचा होता. लॉगिन केलं, ओटीपी पाठवला. मुलगा मोबाइल हातात धरून बघत राहिला, ओटीपी काही येईना. नोंदवलेला नंबर बघितला तर शेवटचे आकडे त्यांच्या ओळखीचे नव्हते. नंबर एजंटचा होता, पासवर्डही त्याच्याचकडे, आणि तो फोन उचलत नव्हता. संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. बापाला मी काय बोलणार होतो? सल्ल्याचे पैसे कोणाला द्यायचे असतील तर द्या, पण नोंदणीतला मोबाइल आणि ईमेल मुलीचाच हवा, आणि पासवर्ड घराबाहेर जाता कामा नये. यादी मुलीनं स्वतः भरावी. कोड बघून भरायची असते, नावावरून नाही, कारण एकाच कॉलेजच्या साध्या जागेचा आणि टीएफडब्ल्यूएसचा कोड वेगळा असतो.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या ५ टक्के जादा जागा, उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्यांसाठी. जात-प्रवर्ग काही असो. यांचं कटऑफ साध्या जागांपेक्षा बरंच वर असतं, कारण सगळे तिथं धावतात. तुमच्या मुलीचं शुल्क तसंही माफ होणार असल्यानं तिला त्यासाठी झुरायचं कारण नाही. तरी जे कॉलेज तिला हवंच आहे त्याचा टीएफडब्ल्यूएस कोडही यादीत घालून ठेवा, त्या जागेवर दरवर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाची वाट बघावी लागत नाही. खरा उपयोग तुमच्या धाकट्याला होईल. त्याला मुलगा म्हणून ५० टक्केच मिळणार, तेव्हा चार वर्षांनी त्याच्या यादीत टीएफडब्ल्यूएस वर असू दे. शाहू शिष्यवृत्ती कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत असते, म्हणजे तुमची दोन्ही बसतात.

पुण्याकडच्या फोनबद्दल. ‘२५ टक्के स्कॉलरशिप’ म्हणजे बहुतेक वेळा सूट असते, दुकानातल्यासारखी. समजा फी वर्षाला ३ लाख. २५ टक्के गेले तर २,२५,०००, चार वर्षांचे ९ लाख. आणि ही सूट दुसऱ्या वर्षी टिकायला किती सीजीपीए लागतो हे फोनवर सांगत नाहीत, लेखी मागा. खासगी विद्यापीठं सगळी टाकाऊ आहेत असं माझं मत नाही, काहींच्या प्रयोगशाळा आपल्याकडच्या कॉलेजांना लाजवतील अशा आहेत. पण ९ लाख विरुद्ध ८०,००० असा सामना असेल तर त्यांनी तुम्हाला पटवून द्यायला हवं, तुम्ही त्यांना नव्हे. परवाची मुदत ही विकणाऱ्याची मुदत आहे. तरीही एखाद्या ठिकाणी पैसे भरायचेच ठरलं तर त्या वर्षाचं यूजीसीचं फी परताव्याचं परिपत्रक आधी वाचा, आणि मूळ मार्कशीट, दाखले कोणाकडेही ठेवायला देऊ नका. तपासून परत द्यायचे असतात, कॉलेजांना ते अडकवून ठेवता येत नाहीत.

कर्ज. घराचे कागद ७.५ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला लागायला नकोत. त्या मर्यादेपर्यंत केंद्राची पतहमी योजना आहे, ४ लाखांपर्यंत तर बँकांच्या आदर्श योजनेत स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. पालक सहकर्जदार लागतात, ते वेगळं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे, तिच्यात यादीतल्या दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीन दोन्ही नाही, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात ३ टक्के व्याज सवलत. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते प्रवेश पक्का झाल्यावर पीएम-विद्यालक्ष्मी पोर्टलवर बघा आणि अर्जही तिथूनच करा. ओळखीच्या माणसाकडे तोंडी विचारलं की तोंडीच नकार मिळतो.

पण तुम्हाला कर्ज लागेल का? कॅपमधून गेलात तर लॅपटॉप धरून चार वर्षांत सव्वा ते दीड लाख, तेही विभागून. मी तरी काढणार नाही. उत्पन्न ८ लाखांच्या वर निघालं आणि काढावंच लागलं तर एक हिशेब ध्यानात असू दे. दर वर्षाच्या सुरुवातीला १ लाख उचलला, व्याज १० टक्के धरलं आणि नोकरी लागेपर्यंतची सूट पाच वर्षांची, तर ‘आत्ता काही भरायचं नाही’ म्हणता म्हणता सरळव्याजानंच १,४०,००० साठतात. पहिल्या वर्षी व्याज महिन्याला साधारण ८३३ रुपये असतं, चौथ्या वर्षी ३,३३३. तेवढं भरत राहिलात तर हा ढीग होत नाही, काही बँका दरही थोडा उतरवतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच आहे, मिस्टर नव्या प्रणालीत असतील तर ती विसरा.

आता कागद. ऐरोली ठाणे तालुक्यात येते, तेव्हा उत्पन्नाचा दाखला ठाणे तहसीलचा. (खारघरच्या कोणाच्या सांगण्यावरून पनवेलला जाऊ नका, तो तालुका वेगळा.) अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा जवळच्या महा ई-सेवा केंद्रातून होतो. वय, अधिवास व राष्ट्रीयत्व दाखला नसेल तर तो बरोबरच टाका. ईडब्ल्यूएसचा दाखला काढणार असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून कुटुंब महाराष्ट्रात असल्याचा पुरावा लागतो. तिथं तुमचं सातारा उपयोगी पडेल: सासऱ्यांचा किंवा आजेसासऱ्यांचा शाळेचा दाखला, जुना सातबारा, जे गावच्या ट्रंकेत असेल ते. ईडब्ल्यूएस मिळाला तर आणखी १० टक्के जागांत तिचा विचार होतो, शाहू शिष्यवृत्तीसाठी मात्र उत्पन्नाचा दाखला पुरतो. आयआयटी-एनआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातला ईडब्ल्यूएस वेगळा लागतो, त्यात घराचं-जमिनीचं मापही बघतात. दोन्ही एकच समजून एकाच्या जागी दुसरा लावणारे दरवर्षी भेटतात.

मुलीचं नाव दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि बँक खात्यावर अक्षर न् अक्षर सारखं आहे ना, ते आत्ताच जुळवा. तिच्या नावाचं खातं आधारशी जोडलेलं हवं. बँकेत ‘आधार सीडिंग झालंय का’ असंच विचारा, नुसतं केवायसी म्हणजे ते नव्हे.

प्रवेश झाला की फी आपोआप माफ होते असं बऱ्याच जणांना वाटतं. होत नाही. कॅपचा फॉर्म वेगळा आणि महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा, अर्ज वेगळा. तो प्रवेशानंतर मुलीनं भरायचा, कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात कागद द्यायचे आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. मुलींकडून माफ असलेलं शुल्क प्रवेशावेळी घेऊ नये असं कॉलेजांना बजावलेलं आहे. तरी काउंटरवर ‘आधी पूर्ण भरा, सरकारचे आले की देऊ’ म्हणाले तर वाद घालू नका, तेच लेखी मागा आणि शासन निर्णयाची छापील प्रत पुढे ठेवा. बहुतेकदा आतून कोणीतरी साहेब येतात आणि हमीपत्रावर काम होतं. महाडीबीटीचा अर्ज क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि दर पंधरवड्याला स्थिती बघा. अर्ज कॉलेजच्या लॉगिनवर अडकलेला दिसला तर शिष्यवृत्तीच्या क्लार्ककडे मुलीला पाठवा, तुम्ही जाऊ नका. चार वर्षं त्या खिडकीशी तिलाच बोलायचं आहे.